मनाई हुकुमाची किंमत कोण मोजतं?

ब्लॅकबेरी बनवणाऱ्या 'रिसर्च इन मोशन' या कॅनडातल्या कंपनीने ३ मार्च २००६ रोजी ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन पेटंटचा एक खटला मिटवला. एवढी रक्कम हातची गेल्यावर शेअर पडायला हवा होता. तो उसळला. ज्या 'एनटीपी'ला हे पैसे मिळाले, तिचा ना कारखाना होता, ना दुकान, ना बाजारात एखादी वस्तू. थॉमस कॅम्पाना हा अभियंता आणि डोनाल्ड स्टाउट हा पेटंट वकील, या दोघांनी १९९२ मध्ये पेटंटं सांभाळायला म्हणून काढलेली ती व्हर्जिनियातली कंपनी. कॅम्पाना तर तडजोड होण्याआधीच, २००४ मध्ये वारला होता. शिवाय अमेरिकेचं पेटंट कार्यालय याच पेटंटांची फेरतपासणी करत होतं आणि त्यातले दावे एकामागून एक फेटाळत होतं. म्हणजे ज्या कागदांपायी साठ कोटींवर डॉलर मोजले, ते कागद रद्दीत जायच्या बेतात होते. पुढे ते रद्द झाले तरी पैसे परत मागायचे नाहीत, हेही तडजोडीतच लिहिलेलं होतं.

मग दिले का? कारण व्हर्जिनियातले न्यायाधीश जेम्स स्पेन्सर पेटंट कार्यालयासाठी थांबायला तयार नव्हते. ज्यूरीने २००२ मध्येच एनटीपीच्या बाजूने कौल दिला होता. मनाई हुकूम लागू झाला असता तर अमेरिकेतली ब्लॅकबेरी सेवा बंद पडली असती. सरकारी अधिकारी आणि संसदेतले लोक या यंत्रावर इतके विसंबून होते की खुद्द अमेरिकी सरकारला कोर्टात जाऊन 'आमचे फोन वगळा' असं सांगावं लागलं. सेवा राहील की जाईल हे ठाऊक नसल्याने नवे ग्राहक कचरू लागले. 'भीक नको, पण कुत्रं आवर' म्हणतात तशी कंपनीची गत झाली आणि भागधारकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पेटंटच्या खटल्यांवर लिहिताना बहुतेक जण भरपाईच्या आकड्यांवर भर देतात. माझ्या मते ते आकडे बव्हंशी दर्शनी असतात. खरी किंमत ठरते ती मनाई हुकुमावर: तो मिळतो का, किती लवकर मिळतो आणि चुकून मिळाला तर त्याचं नुकसान कोण भरून देतं. ही किंमत शेवटी कंपनीच्या भागधारकाच्या खिशातून जाते, आणि खटल्यात नेमकं काय पणाला लागलंय हे सगळ्यांत उशिरा कळतं तेही त्यालाच. भारतात या दोन्ही गोष्टींचे नियम अजून घडत आहेत, म्हणून आपण हे आत्ताच बोलायला हवं.

ब्लॅकबेरीच्या तडजोडीनंतर अडीच महिनेही झाले नाहीत तोच, १५ मे २००६ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'ईबे विरुद्ध मर्कएक्स्चेंज' या खटल्यात निकाल दिला. तोवर तिथे रिवाजच होता की पेटंटचा भंग सिद्ध झाला की मनाई हुकूम जवळजवळ आपोआप मिळायचा. कोर्ट म्हणालं, तसं नाही. पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान आहे का, हुकूम दिला तर कोणाला किती त्रास होईल, लोकहित कशात आहे, हे तपासून मगच तो द्यायचा. न्यायमूर्ती केनेडी यांनी वेगळं मत लिहून स्पष्टच सांगितलं की काही कंपन्या पेटंटचा उपयोग वस्तू बनवण्यासाठी करत नाहीत, परवान्याचे पैसे काढण्यासाठी करतात, आणि त्यांच्या हातात मनाई हुकूम म्हणजे अवाच्या सवा रक्कम मागण्याचं साधन होतं. हा निकाल आधी आला असता तर एनटीपीला किती मिळाले असते, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. पण ६१ कोटी नक्कीच नाहीत.

आता आकड्यांकडे वळू. २४ ऑगस्ट २०१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या ज्यूरीने ॲपलने लावलेल्या पेटंट दाव्यात सॅमसंगला ठोठावलेली भरपाई होती सुमारे १०५ कोटी डॉलर. शुक्रवारचा दिवस होता तो. सोमवारी सोलमध्ये बाजार उघडला आणि सॅमसंगचा शेअर सुमारे साडेसात टक्के घसरला. बाजारमूल्यातले जवळपास १२ अब्ज डॉलर एका दिवसात नाहीसे झाले, म्हणजे भरपाईच्या दहा-अकरा पट! बाजाराला धास्ती होती ती फोन दुकानांतून हटवावे लागतील याची. तसं फारसं घडलं नाही आणि वर्ष सरता सरता सॅमसंगचा शेअर नव्या उच्चांकावर होता. खटला मात्र चालूच राहिला. रक्कम घटली, फेरसुनावणी झाली, २०१६ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने ५३ कोटी ९० लाख डॉलरचा आकडा सांगितला आणि महिन्याभरात दोघांनी आपसात मिटवलं. ज्यांनी त्या सोमवारी घाबरून शेअर विकले, त्यांना सॅमसंगच्या वकिलांपेक्षाही हा खटला महाग पडला.

इंटेलचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २ मार्च २०२१ रोजी टेक्सासमधल्या वेको गावच्या ज्यूरीने इंटेलने 'व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी'ला २१८ कोटी डॉलर द्यावेत असं सांगितलं. अमेरिकेच्या पेटंट इतिहासातला तो सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक. ही व्हीएलएसआय कंपनी चिप बनवत नाही. 'फोर्ट्रेस' या गुंतवणूक समूहाच्या फंडांच्या पैशावर ती उभी राहिली आणि पेटंटं तिच्याकडे आली एनएक्सपी या चिप कंपनीकडून. डिसेंबर २०२३ मध्ये अपील कोर्टाने ही भरपाई मोडीत काढली. एका पेटंटचा भंगच झाला नाही असं ठरलं, तर दुसऱ्याची रक्कम नव्याने ठरवायला सांगितली. २०२१ च्या बातमीत छापलेला आकडा कुठेच जमा झाला नाही. यात एक मौज अशी की फोर्ट्रेससारख्या फंडांत पैसा असतो तो पेन्शन फंड आणि मोठ्या संस्थांचा. तेव्हा एखाद्या शिक्षकाच्या निवृत्तिवेतनातला एक तुकडा इंटेलच्या शेअरमध्ये आणि दुसरा इंटेलवर दावा लावणाऱ्या फंडात, असंही होऊ शकतं. एका खिशातून दुसऱ्यात पैसे जाताना वाटेत वकिलांचा वाटा तेवढा निघतो.

इथे कोणी म्हणेल, की मग मनाई हुकूमच नको असं म्हणायचंय का? तसं मुळीच नाही, आणि त्यासाठी पोलरॉइडचा खटला आठवायला हवा. झटपट फोटोचं तंत्र पोलरॉइडने वर्षानुवर्षं खपून घडवलं होतं. १९७६ मध्ये कोडॅक त्या बाजारात उतरली आणि पोलरॉइडने लगेच दावा लावला. न्यायाधीश राया झोबेल यांनी १९८५ मध्ये कोडॅकने पेटंटभंग केल्याचा निर्णय दिला, आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला झटपट कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळावा लागला. लाखो घरांत कॅमेरे पडून राहिले, फिल्म मिळेना. भरपाईचा प्रश्न आणखी पाच वर्षं चालून १९९१ मध्ये ९२ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला. इथे मनाई हुकूम रास्त होता. समोर प्रत्यक्ष माल बनवणारी कंपनी होती, तिचा सगळा धंदा त्या एका तंत्रावर उभा होता आणि 'पैसे घे आणि गप्प बस' म्हणणं म्हणजे मोठ्या कंपनीला चोरीचा परवाना देणं झालं असतं.

पण पोलरॉइडच्या भागधारकाचं शेवटी काय झालं? ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जे तंत्र पंधरा वर्षं कोर्टात भांडून राखलं, त्याचे दिवसच डिजिटल कॅमेऱ्याने संपवले. आणि हरलेली कोडॅक? जानेवारी २०१२ मध्ये तीही दिवाळखोरीत. तेव्हा तिने आपली डिजिटल छायाचित्रणाची पेटंटं विकायला काढली. तिने नेमलेल्या सल्लागारांनी त्यांची किंमत २ अब्ज डॉलरच्या वर सांगितली होती, प्रत्यक्षात हाती आले साडेबावन्न कोटी. ताळेबंदाबाहेर पडून असलेला 'पेटंटचा खजिना' दाखवून शेअर खपवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

पेटंटवरच जगणाऱ्या कंपन्यांच्या शेअरची तर वेगळीच दुनिया आहे. 'व्हरिंगो' ही मोबाइलवर व्हिडिओ रिंगटोन देणारी छोटी कंपनी. २०१२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी विलीन होऊन तिने लायकॉस या जुन्या सर्च कंपनीची पेटंटं हाती घेतली आणि गुगलविरुद्धच्या खटल्यावर आपलं नशीब लावलं. उद्योगपती मार्क क्युबन यांनी तिचे सुमारे सात टक्के शेअर घेतले. मजा अशी की त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, याच क्युबन यांनी 'मूर्ख पेटंटं नाहीशी करण्यासाठी' एका डिजिटल हक्क संस्थेला अडीच लाख डॉलर देणगी दिली. त्यांचं म्हणणं होतं, व्हरिंगोचे शेअर म्हणजे पेटंट ट्रोलांपासून (स्वतः काही न बनवता पेटंटच्या दाव्यांवर जगणाऱ्यांपासून) बचावासाठी घेतलेला विमा. विम्याचा हा प्रकार मला तरी पटलेला नाही, पण हातात पैसा असला की माणूस दोन्ही बाजूंनी खेळू शकतो, हे खरं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने व्हरिंगोला सुमारे तीन कोटी डॉलर आणि पुढची रॉयल्टी दिली. छोट्या गुंतवणूकदारांनी ती रॉयल्टी आली असं धरून हिशेब मांडले. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' म्हणतात ते हेच. ऑगस्ट २०१४ मध्ये अपील कोर्टाने ती पेटंटंच बाद केली आणि एका दिवसात शेअरची दोन तृतीयांशाहून जास्त किंमत गेली. पुढे ही कंपनी नाव बदलत बदलत विमानतळांवर मसाज आणि पेडिक्युअर करून देणारी 'एक्सप्रेसस्पा' झाली. यात काही खोटं, फसवं नव्हतं. खटल्याच्या कागदपत्रांत सगळं होतं. वाचणारे कमी होते, इतकंच.

या सगळ्याचा एकूण हिशेब कोणी मांडला आहे का? बोस्टन विद्यापीठाच्या जेम्स बेसेन, जेनिफर फोर्ड आणि मायकेल म्यूरर यांनी २०११ मध्ये तसा प्रयत्न केला. स्वतः काही न बनवणाऱ्या पेटंटधारकांनी दावा लावला की त्या सुमारास प्रतिवादी कंपनीचा शेअर किती पडतो हे त्यांनी मोजलं. १९९० ते २०१० या काळात भागधारकांची जवळपास ५०० अब्ज डॉलरची संपत्ती गेली, असा त्यांचा निष्कर्ष. आणि त्यातला फार थोडा भाग संशोधकांपर्यंत पोचला. हा आकडा पुढे राजकारण्यांच्या भाषणांत पोचला आणि त्यावर टीकाही झाली. टीका मला बरीच रास्त वाटते. दाव्याच्या दिवशी पडलेला शेअर म्हणजे खर्च झालेला पैसा नव्हे. सॅमसंगचा गेला तसा आला. एकाने गमावलं ते दुसऱ्याने कमावलं असेल, तर समाजाचं नुकसान तेवढं नाही. पण टीका मान्य करूनही एक गोष्ट उरते. लॉरेन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की असे दावे प्रामुख्याने हाताशी भरपूर रोकड असलेल्या कंपन्यांवर पडतात, मग ती रोकड वादातल्या तंत्रातून आलेली असो वा नसो. असं असेल तर हा शोध चोराचा राहत नाही, भरल्या घराचा होतो.

आणि शोध घेणारा कोण, हेही झाकलेलं असतं. अमेरिकेतल्या डेलावेअरचे मुख्य जिल्हा न्यायाधीश कॉल्म कॉनली यांनी एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढले की त्यांच्यापुढे येणाऱ्या वादींनी आपले खरे मालक कोण आणि खटल्याला पैसा कोण पुरवतं, हे सांगायला हवं. मग सुनावण्यांत जे बाहेर आलं ते वाचण्यासारखं आहे. तंत्रज्ञानाच्या बड्या बड्या कंपन्यांना कोर्टात खेचणाऱ्या एका कंपनीचा कागदोपत्री मालक फूड ट्रक चालवणारा निघाला. पेटंटात काय आहे हे त्याला धड सांगता येईना. सूत्रं हलवणारे वेगळेच होते. प्रतिवादीच्या भागधारकाला हे आधी कळलं असतं तर? समोर संशोधक आहे, स्पर्धक आहे की निव्वळ वसुलीचा धंदा, यावरून तडजोड होणार की लढाई, किती वर्षं चालणार, याचा अंदाज पार बदलतो.

याउलट भागधारकाच्या हिताची कोर्टाने काटेकोर मोजदाद केलेला एक प्रसंग आहे, तोही विनोदीच म्हणायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायाधीश हेन्री मॉर्गन यांनी सिस्कोला १९० कोटी डॉलर भरपाई 'सेंट्रिपेटल'ला द्यायला सांगितली. दरम्यान त्यांच्या लक्षात आलं होतं की त्यांच्या पत्नीच्या नावावर सिस्कोचे १०० शेअर आहेत, किंमत ४,६८७ डॉलर ९९ सेंट. त्यांनी निकाल सिस्कोच्या विरोधात, म्हणजे स्वतःच्या घराच्या तोट्यात दिला होता. तरीही अपील कोर्टाने २०२२ मध्ये तो रद्द केला. खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेला आणि २०२३ च्या अखेरीस त्यांनी ठरवलं की पेटंटभंग झालेलाच नाही. १९० कोटींचे शून्य झाले.

आता भारताकडे, आणि पुण्याकडे. सप्टेंबर २००७ मध्ये बजाज ऑटो आणि चेन्नईची टीव्हीएस मोटर एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. पल्सरवरची 'डीटीएस-आय' ही अक्षरं महाराष्ट्रात पोरासोरांना पाठ होती. एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, हे त्यामागचं तंत्र, आणि त्यावर बजाजचं पेटंट होतं. टीव्हीएसने 'फ्लेम' नावाची १२५ सीसी मोटरसायकल दोन प्लग घेऊन आणायचं ठरवलं. मद्रास हायकोर्टाने फेब्रुवारी २००८ मध्ये अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसने एकाच प्लगची फ्लेम बाजारात आणून वेळ मारून नेली. मे २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मनाई उठवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १६ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, हिशेब मात्र नीट ठेवायला सांगितले, आणि देशभरच्या कोर्टांना एक कानपिचकी दिली: बौद्धिक संपदेचे खटले अंतरिम मनाईवरच वर्षानुवर्षं लढले जातात आणि मूळ दाव्याचा निकाल क्वचितच लागतो, तेव्हा सुनावणी रोजच्या रोज घ्या आणि शक्यतो चार महिन्यांत संपवा. मूळ दाव्याचं काय झालं? २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. तोवर १२५ सीसीचा बाजार, इंजिनांचे नियम, ग्राहकांच्या आवडी, सगळं बदललं होतं.

दोन्ही कंपन्या माल बनवणाऱ्या, दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या, दोघींचे हजारो छोटे भागधारक. दोन प्लगांवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचं कोर्टाकडून अखेरचं उत्तर त्यांना मिळालंच नाही. भारतात अंतरिम मनाई हाच खटला असतो, बाकी सगळं त्याची पुरवणी, हे सुप्रीम कोर्टाने सांगून पंधरा वर्षं उलटली आहेत.

मोबाइलच्या क्षेत्रात चित्र जरा सुधारलं आहे. स्वीडनच्या एरिक्सनने मार्च २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सविरुद्ध दिल्ली हायकोर्टात दावा लावला, पुढे इंटेक्स, शाओमी, लावा अशी रांग लागली. डिसेंबर २०१४ मध्ये शाओमीला तर तिची बाजू ऐकण्याआधीच मनाई झाली होती. लावाच्या खटल्याचा निकाल २८ मार्च २०२४ रोजी आला. भरपाई २४४ कोटी रुपये, कालावधी नऊ वर्षं. आपले देशी फोन ब्रँड या खटल्यांमुळे बुडाले असं म्हणणारे भेटतात. ते अर्धसत्यही नाही. चिनी कंपन्यांचे फोन आणि अचानक आलेलं फोरजी यांनी त्यांना गाठलं. पण हातातली रोकड रॉयल्टीच्या ठेवीत अडकलेली असताना नव्या मॉडेलवर पैसा लावणं जड जातं, हेही नाकारता येत नाही. आता दिल्ली हायकोर्ट मनाईऐवजी ठेवीकडे वळत आहे. नोकिया विरुद्ध ओप्पो खटल्यात जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने ओप्पोला विक्री थांबवायला सांगितलं नाही. २०१८ च्या जुन्या करारात दिलेल्या रॉयल्टीचा २३ टक्के भाग, म्हणजे भारतातल्या विक्रीचा अंदाजे वाटा, कोर्टात जमा करायला सांगितला. मला हा मार्ग पसंत आहे. पेटंटधारकाचे पैसे सुरक्षित राहतात, दुकानं चालू राहतात आणि भागधारकाला निदान सर्वांत वाईट आकडा कळतो.

जिथे मनाई द्यायचीच, तिथे जर्मनीकडे पाहावं. डिसेंबर २०१८ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने क्वालकॉमच्या बाजूने काही आयफोनांवर बंदी घातली, पण ती अमलात आणण्यासाठी क्वालकॉमला १३४ कोटी युरोंची हमी भरावी लागली. अपिलात निकाल फिरला तर ॲपलचं नुकसान त्यातून भरून द्यायचं. मनाई मागणाऱ्याच्या भागधारकांनाही मग विचारावं लागतं, की एवढा धोका पत्करायचा का. आपल्याकडे मनाई मागताना हमीपत्र द्यायची पद्धत आहे, पण ते बहुधा कागदावर राहतं. मनाई चुकीची ठरल्यावर प्रतिवादीला खणखणीत भरपाई मिळाल्याची उदाहरणं शोधावी लागतात. क्वालकॉम आणि ॲपल यांचं भांडण १६ एप्रिल २०१९ रोजी, वकिलांचं पहिलं निवेदन चालू असतानाच मिटलं. क्वालकॉमचा शेअर त्या दिवशी सुमारे २३ टक्के वाढला आणि त्याच संध्याकाळी, तोवर आयफोनला मोडेम पुरवणाऱ्या इंटेलने फाइव्हजी फोनच्या मोडेमचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. खटल्यात पक्षकारही नसलेल्या कंपनीचा एक विभाग संपला.

राहिला प्रश्न कळण्याचा. सेबीने जुलै २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांसाठी कोणती बाब महत्त्वाची मानायची याची संख्यात्मक मोजपट्टी घालून दिली आहे: उलाढालीचा २ टक्के, निव्वळ संपत्तीचा २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा ५ टक्के, यांतलं जे कमी असेल ते. त्याहून मोठा परिणाम संभवत असेल तर खटला बाजाराला कळवायचा. पावलं योग्य दिशेने आहेत, पण पेटंट खटल्यात ही मोजपट्टी नेमकी चुकते. मागितलेली भरपाई दहा कोटींची असेल, आणि मनाई आली तर तीनशे कोटींची विक्री थांबेल. कळवायचं कोणतं? कंपनी साहजिकच धाकटा आकडा पाहते. मोठी कंपनी मोठी भरपाईही पचवून जाते. टीसीएसविरुद्ध 'एपिक'ने लावलेल्या खटल्यात (तो पेटंटचा नव्हे, व्यापारी गुपितांचा होता) २०१६ मधला ९४ कोटी डॉलरचा आकडा घटत घटत २८ कोटींवर आला आणि डिसेंबर २०२३ ला संपलेल्या तिमाहीत कंपनीने त्यापोटी ९५८ कोटी रुपये खर्ची टाकले. टीसीएसला ते झेपलं. चाकण किंवा हिंजवडीतल्या एखाद्या एकाच उत्पादनावर उभ्या असलेल्या मध्यम कंपनीला मनाई हुकूम तसा झेपणार नाही. म्हणून सेबीने पेटंट दाव्यापुरतं वेगळं कलम घालावं: कोणतं उत्पादन, एकूण विक्रीत त्याचा वाटा किती, मनाई मागितली आहे का, सुनावणी कोणत्या टप्प्यावर आहे. चार ओळींचं काम आहे.

कंपन्या म्हणतील, एवढं सांगितलं तर समोरच्याला आमची नस सापडेल. हिशेबाच्या मानकातही अगदी विरळ प्रसंगी अशी माहिती रोखायची सवलत आहे. पण समोरच्याने दावा लावतानाच कोणतं उत्पादन ते लिहिलेलं असतं, मनाई मागितल्याचं अर्जात असतं, उत्पादनाची विक्री त्याने आधीच मोजलेली असते. माहिती नसते ती फक्त शेअर धरून बसलेल्या माणसाकडे. कंपनीने आतून काढलेला तडजोडीचा अंदाज गुप्त राहावा, हे मात्र बरोबर आहे. तो उघड करा असं म्हणणं भागधारकाच्याच मुळावर येईल.

आणि पैसा पुरवणाऱ्याचं नाव? त्यासाठी महाराष्ट्राला डेलावेअरकडे पाहायची गरजच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात मुंबई हायकोर्टाने केलेली दुरुस्ती इथे लागू आहे. खटला चालवायला पैसा मिळावा म्हणून वादीने दाव्यातला वाटा कोणाला देऊ केला असेल, तर कोर्ट त्या माणसाला खटल्यात सामील करून घेऊ शकतं आणि त्याच्याकडून खर्चाची हमी मागू शकतं. सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात म्हटलं आहे की वकील सोडून इतरांनी खटल्याला पैसा पुरवायला आडकाठी नाही. म्हणजे पैसा येणार, आणि यावाच. गरीब संशोधकाला त्याशिवाय मोठ्या कंपनीपुढे उभंच राहता येणार नाही. ही तरतूद पेटंट खटल्यांत वापरायची तर प्रतिवादीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला विचारायला हवं, की पाठीमागे कोण आहे.

पेटंट कायद्यातही एक हत्यार होतं. आपलं पेटंट भारतात वापरात आहे की नाही, याचं निवेदन धारकाने 'फॉर्म २७' भरून द्यायचं असतं. हा भारताचा खास नियम. पेटंट नुसतं दाव्यासाठी जपून ठेवलंय की त्यातून काही बनतंय, हे त्यावरून कळतं आणि मनाई द्यायची का ठरवताना न्यायाधीशाला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीत हे निवेदन दर वर्षाऐवजी तीन आर्थिक वर्षांतून एकदाच द्यायची सोय झाली. परदेशी पेटंटधारकांना कटकट कमी झाली, हे खरं. पण अंतरिम मनाईचा अर्ज आठवड्याभरात ऐकला जातो आणि त्या वेळी कोर्टापुढे असेल ते कदाचित अडीच वर्षांपूर्वीचं निवेदन. निदान मनाई मागणाऱ्याने तरी अर्जासोबत ताजा फॉर्म २७ जोडलाच पाहिजे, एवढी अट घालायला संसदेपर्यंत जावं लागत नाही. हायकोर्टाच्या बौद्धिक संपदा विभागाच्या नियमांत ती बसते.